ट्यूमर कुठं संपतो?

वाशीच्या पुलावरून लोकल जाते तेव्हा ओहोटीला खाडीकाठचा चिखल उघडा पडलेला दिसतो आणि त्यात तिवरांची मुळं. जमीन नेमकी कुठं संपली आणि खाडी कुठं सुरू झाली, हे बोट ठेवून कुणी दाखवू शकेल का? मेंदूतल्या ग्लायोमा नावाच्या ट्यूमरचं असंच असतं.

ट्यूमर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लिंबाएवढी गाठ येते. काढली की विषय संपला. काही ट्यूमर खरोखरच तसे असतात. मेनिंजिओमा मेंदूवरच्या आवरणातून वाढतो, मेंदूला बाहेरून दाबतो आणि पुष्कळदा सोलून काढता येतो. ग्लायोमा मात्र मेंदूतल्याच आधारपेशींच्या कुळातला. तो तंतूंच्या वाटांनी आत शिरत जातो. एमआरआयवर दिसते ती कड आपल्या सोयीची. पेशी तिच्या पुढे गेलेल्या असतात.

मग आजूबाजूचं सगळंच काढून टाकलं तर? हेही करून झालंय. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी ग्लायोमाच्या काही रुग्णांच्या मेंदूचा अख्खा उजवा अर्धगोल काढला आणि १९२८ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. तरीही आजार परतला. तेव्हापासून या शस्त्रक्रियेपुढचा खरा प्रश्न 'कसं काढायचं' यापेक्षा 'कुठं थांबायचं' हा आहे. नवनव्या यंत्रांच्या बातम्या येतात, त्या मी याच प्रश्नाची उत्तरं म्हणून वाचतो.

एक उत्तर रंगाचं. शस्त्रक्रियेच्या काही तास आधी रुग्णाला '५-एएलए' नावाचं औषध पाण्यातून प्यायला देतात. रक्तातला लाल रंग बनवण्याच्या साखळीतला हा एक कच्चा माल. आक्रमक ग्लायोमाच्या पेशींत त्यापासून बनलेलं पॉर्फिरिन साठून राहतं आणि मायक्रोस्कोपचा निळा प्रकाश पडला की गुलाबी-लाल चमकतं. जर्मनीतल्या चाचणीत (२००६) या प्रकाशात शस्त्रक्रिया झालेल्या ६५ टक्के रुग्णांच्या नंतरच्या एमआरआयवर (शिरेतून औषध देऊन काढलेल्या) उजळ दिसणारा ट्यूमर उरला नव्हता. साध्या प्रकाशात हेच प्रमाण ३६ टक्के होतं. मात्र संथ वाढणारे ग्लायोमा निळ्या प्रकाशात बहुधा चमकतच नाहीत.

दुसरं उत्तर नकाशाचं. आदल्या दिवशीच्या एमआरआयवरून संगणक सर्जनला दाखवतो की हत्याराचं टोक आत्ता कुठं आहे. पण कवटी उघडली, आतलं पाणी वाहून गेलं की मेंदू खाली बसतो, कधी कधी सेंटीमीटरभर. कालच्या नकाशात आज खणलेला रस्ता नसतो, तशी गत. यावर ऑपरेशन थिएटरातच एमआरआय यंत्र बसवणं हा श्रीमंती उपाय. त्यापेक्षा मला पोटातलं बाळ पाहतात ती सोनोग्राफी जास्त आवडते: स्वस्त, हलवता येणारी, हव्या त्या क्षणी ताजं चित्र देणारी. टाटा मेमोरियलच्या न्यूरोसर्जननी नकाशाला जोडलेल्या त्रिमित सोनोग्राफीवर बरंच काम करून ते प्रसिद्ध केलंय. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक हे याच संस्थेचं संशोधन आणि उपचार केंद्र.

तिसरं उत्तर देतो खुद्द रुग्ण. ट्यूमर भाषेच्या किंवा हालचालीच्या भागाजवळ असेल तर त्याला मधेच जागं करतात. ऐकताना अंगावर काटा येतो, पण मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. कळते ती डोक्याच्या कातडीला आणि आवरणाला, आणि तिथं बधिर करणारी इंजेक्शनं दिलेली असतात. सर्जन मेंदूच्या पृष्ठभागावर हलकासा विद्युतप्रवाह सोडतो, त्याच क्षणी समोरचा तज्ज्ञ चित्र दाखवून विचारतो, हे काय? उत्तर अडलं तर ती जागा राखून ठेवायची. माँट्रियलच्या वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३० च्या दशकापासून या रीतीनं मेंदूचे नकाशे काढले.

आता इथं आपल्याकडचा पेच येतो. समजा, बेलापूरजवळच्या दिवाळे गावातला कुणी मासेमार या टेबलावर आहे. घरात आगरी-कोळी बोली, शाळेत प्रमाण मराठी, मासळी विकताना हिंदी. त्याची परीक्षा कोणत्या भाषेत घ्यायची? अमेरिकेत ओजमन आणि व्हिटेकर यांनी १९७८ मध्ये दोन द्विभाषिक रुग्णांच्या मेंदूचे नकाशे प्रसिद्ध केले. काही जागांवर प्रवाह दिला की दोन्ही भाषा अडत, काही जागांवर एकच. म्हणजे फक्त हिंदीत तपासून मोकळं झालं तर बायकोशी बोलायची भाषा धोक्यात! चित्रंही आपली हवीत. त्याला विदेशी फळ दाखवून काय उपयोग? जिताडा दाखवा, विळी दाखवा.

आणि मराठीची एक गंमत. इंग्रजीत रुग्णाला 'धिस इज अ...' एवढं म्हणून मग नाव घ्यायला सांगतात. सुरुवातीचे शब्द आले आणि नाव आलं नाही, तर शब्द सापडत नाही असं समजायचं. काहीच आलं नाही, तर बोलण्याची यंत्रणाच थांबली. मराठीत मात्र 'हा', 'ही' की 'हे' हे ठरवायला नामाचं लिंग आधी माहीत हवं. 'ही...' म्हणून रुग्ण थबकला, तर विळी हा शब्द हरवला तरी तिचं स्त्रीलिंग शाबूत असेल का? मला हा प्रश्न भारी वाटतो. सोपी वाट हवी तर 'याला म्हणतात...' आहेच.

थांबण्याचा प्रश्न सुरीपाशी संपत नाही. लहान मुलांच्या सेरिबेलममध्ये, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूच्या 'लहान मेंदू'त होणाऱ्या मेड्युलोब्लास्टोमा या ट्यूमरचे जनुकांनुसार चार मुख्य गट पडतात. ते ओळखण्याची एक चाचणी अ‍ॅक्ट्रेकच्या प्रयोगशाळेनं बनवली. यातल्या 'विंट' गटाची मुलं सर्वांत चांगली बरी होतात. मग त्यांना संबंध मेंदू आणि मणक्यावर रेडिएशन देऊन वाढीवर घाला कशाला घालायचा? असा विचार करून टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मोजक्या मुलांना फक्त ट्यूमरच्या जागी रेडिएशन दिलं. काहींचा आजार इतरत्र परतला आणि हा प्रयोग लवकर थांबवावा लागला. ते अपयश त्यांनी २०२२ मध्ये जसंच्या तसं छापलं. यशाच्या बातम्यांपेक्षा मला या निबंधाबद्दल जास्त आदर आहे, कारण त्यामुळे दुसऱ्या कुठल्या शहरातली मुलं याच वाटेनं जायची वाचली असतील.

आणि हे थांबणं हाताला शिकवायचं कसं? एमबीबीएस, एमएस आणि वर तीन वर्षांचं एमसीएच, किंवा एमबीबीएसनंतर सलग सहा वर्षं, एवढी न्यूरोसर्जन होण्याची वाट लांब. पूर्वी बहुतेक शिक्षण वरिष्ठांच्या खांद्यावरून बघत व्हायचं. आता माणसाआधी इतर गोष्टींवर हात बसवतात. कोंबडीच्या पंखातली जेमतेम मिलिमीटरभर रक्तवाहिनी केसाहून बारीक धाग्यानं शिवायची. बाळंतपणानंतर टाकून दिली जाणारी वार घेऊन तिच्या रक्तवाहिन्यांवर सराव करायचा. आणि कच्चं अंडं: ड्रिलनं कवच घासत न्यायचं, आतला पापुद्रा फाटू द्यायचा नाही. कवटी आणि तिच्याखालचं आवरण यांचा तो नमुना. कवच संपत आल्याचं डोळ्यांआधी बोटांना कळायला लागतं म्हणे. तोवर अंडी डझनानं आणावी लागतात.