ग्रेट डेनचं पोट: साधा गॅस आणि पीळ

डेन पाळणाऱ्या कुणाच्याही घरी कुत्र्याचं पोट फुगलं की शेजारीपाजारी, नातेवाईक सगळे एकच सल्ला देतात: ओव्याचं पाणी पाजा, थोडं फिरवून आणा, सकाळपर्यंत उतरेल. या सल्ल्याची मला खरोखर भीती वाटते, कारण तो साधा गॅस नसून जठराला पडलेला पीळ असू शकतो.

गॅस तुम्हाला ठाऊकच आहे. घाईघाईनं किंवा जास्त खाल्लं की पोट तट्ट होतं, ढेकर येतात, वायू सरतो, एखादी उलटी होते आणि थोड्या वेळानं स्वारी पुन्हा भांड्यापाशी हजर.

पिळाचं तसं नाही. डेनची छाती खोल आणि अरुंद, त्यामुळे आत जठराला हलायला जागा मिळते. फुगलेलं जठर स्वतःभोवती फिरलं की अन्ननलिकेकडची वाट आवळते, आतड्याकडचीही. गॅस साठत जातो, त्याला बाहेर पडायला जागा नाही. जठराला लागून असलेली प्लीहा सोबत ओढली जाते. मोठ्या शिरेवर दाब येऊन हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि काही तासांत कुत्रं दगावू शकतं.

नुसत्या फुगवट्यावर भिस्त ठेवू नका. डेनचं जठर बरंचसं बरगड्यांच्या आड असतं, सुरुवातीला बाहेरून काही दिसत नाही. बघायचे ते उमासे. आमची डेन चार वर्षांची असताना एका रात्री साडेदहाला मान ताणून, पुढचे पाय फाकून उभी राहिली. उमाशावर उमासे, पण बाहेर येत होती ती फक्त पांढरी, तार धरणारी लाळ. बसायची, लगेच उठायची, वळून स्वतःच्या कुशीकडे बघायची. ओठ वर करून पाहिला तर हिरड्या पांढऱ्याफटक. फोनवर एका डॉक्टरांनी ‘गॅस असेल, सकाळी आणा’ सांगितलं. आम्ही थांबलो नाही, दुसरीकडे नेलं. दीड वाजता ऑपरेशन सुरू झालं आणि ती वाचली. ओकायचा प्रयत्न होतोय पण काहीच पडत नाही, एवढं दिसलं की गाडी काढा. पोटात काही पाजत बसू नका.

इथे अनुभवी माणसंही फसतात. तोंडातून घातलेली नळी जठरात सहज उतरली म्हणजे पीळ नाही, असं धरून चालतात. पीळ असतानाही कधी कधी नळी उतरते. नळीनं गॅस निघून कुत्र्याला हुशारी येते, पण पीळ तसाच राहतो. उजव्या कुशीवर निजवून काढलेल्या एक्स-रेमध्ये जठराचे दोन वेगळे फुगे दिसले की शंका उरत नाही. पीळ पडलाच असेल तर उपाय ऑपरेशनच: जठर सरळ करून पोटाच्या भिंतीला शिवून टाकतात. नंतरही गॅस होऊ शकतो, पण पीळ पडण्याची शक्यता फार कमी होते. मादीची नसबंदी करणार असाल तर त्याच वेळी ही शिवण मारून घ्या, असं माझं ठाम मत आहे.

आणि ते उंच स्टँड! ‘मानेला त्रास नको’ म्हणून भांडं उंचावर ठेवतात. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या 2000 सालच्या अभ्यासात उंच भांड्यातून खाणाऱ्या मोठ्या कुत्र्यांना हा धोका जास्त आढळला. आमचं भांडं जमिनीवरच असतं. दिवसातून एकदाच भरपेट घालण्यापेक्षा दोन-तीनदा थोडं थोडं घालतो. आई-बाप किंवा भावंडांत कुणाला पीळ पडला होता का, हे पिल्लू घेतानाच विचारा.

बाकी हृदय, खुबे आणि हाडांचा कॅन्सर यांची काळजी डेनला असतेच, पण त्यात डॉक्टर गाठायला सहसा दिवस मिळतात.

रात्री ऑपरेशन करणाऱ्या दोन दवाखान्यांचे नंबर आमच्या फ्रिजवर चिकटवलेले आहेत. नंबर घेताना ‘रात्री उघडं असतं का’ एवढंच विचारू नका, ‘रात्री पोट उघडून ऑपरेशन करता का’ असं स्पष्ट विचारा. बऱ्याच ठिकाणी रात्री फक्त सलाईन लावतात.