वांझ संकर कोणता? पऱ्हाटीमागची गुणसूत्रांची गोष्ट

हायब्रीडची सरकी पुढच्या वर्षी टोबली तर बोंडच धरत नाही, असं वऱ्हाडात पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात. बोंडं धरतात. फक्त झाडं सारखी निघत नाहीत, कुठं उंच तर कुठं खुरटी. खरा वांझ संकर निराळा; पण तोही कापसाचाच.

इथल्या काळ्या जमिनीत जुना मान देशी कापसाचा. धागा आखूड, पण पावसाची ओढ सोसणारा. इंग्रजी अमलात गिरण्यांना लांब धागा हवा होता, म्हणून अमेरिकन कापूस आला. दोघं एकाच शिवारात पिकले, तरी त्यांचा संसार काही जमला नाही. 1924 साली संशोधक डेनहॅमने गुणसूत्रांची मोजणी छापली तेव्हा कारण दिसलं: देशीत 26 गुणसूत्रं, अमेरिकनमध्ये 52.

दोघांच्या संकरात 39 येतात. परागकण तयार होताना गुणसूत्रांना आपापला जोडीदार लागतो. साधारण 13 जोड्या जुळतात, उरलेली 13 एकटी पडून कशीही विखुरतात. झाड हिरवंगार, फुलं भरपूर, पराग मात्र पोचट.

ही 13 चीच जुळणी का? स्कोव्हस्टेड या संशोधकाने 1930 च्या दशकात दाखवलं की अमेरिकन कापसात 13 जोड्या मोठ्या गुणसूत्रांच्या, देशीशी नातं सांगणाऱ्या. 13 लहान, अमेरिकेतल्या रानकापसाशी जुळणाऱ्या. म्हणजे अमेरिकन कापूस हाच मुळात निसर्गाने केलेला, गुणसूत्रं दुप्पट झालेला संकर! 1940 मध्ये बीजली या संशोधकाने देशी आणि रानकापसाच्या वांझ संकराची गुणसूत्रं कोल्चिसिन या रसायनाने दुप्पट केली आणि त्या झाडाचा अमेरिकन कापसाशी संकर जमला. (हेच कोल्चिसिन आपल्या रानातल्या कळलावीच्या कंदातही असतं.)

भारतात संकरित कापसाला व्यापारी यश आलं ते 26 आणि 52 ची ही भिंत टाळून. 1970 चा सुरतचा एच-4 हा संकरित वाण, सी. टी. पटेलांचा, दोन्ही बाजूंनी अमेरिकनच. 1972 मध्ये धारवाडला कटारकींनी काढलेली वरलक्ष्मी अमेरिकन आणि इजिप्शियन घराण्यातल्या कापसाची. जाती दोन, पण दोघांतही 52, जोड्या नीट लागतात, पहिली पिढी जोमदार. तिची सरकी पेरली की मात्र दुबळी, कमी फळणारी झाडंही निघतात. सांगणाऱ्यांच्या बोलण्यात तथ्य असलंच तर ते एवढंच, आणि तेही अशा दोनजाती संकरापुरतं.