एकाहून अधिक नगरांतील मिळकती आणि सामायिक संगणक सेवा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आमच्या अनेक ग्राहकांचे घर नाशिक महानगरपालिकेच्या हद्दीत, दुकान सिन्नर किंवा भगूर नगरपरिषदेच्या हद्दीत आणि कारखाना अंबड औद्योगिक वसाहतीत आहे. घरपट्टी वा बांधकाम परवानगीसाठी एका ठिकाणी ऑनलाइन उघडलेले खाते दुसऱ्या ठिकाणी का चालत नाही, असे ते वारंवार विचारतात. त्याचे उत्तर सविस्तर देण्यासाठी हे पत्रक आहे.

बांधकामाचे नियम आता बरेचसे सारखे आहेत. राज्याच्या बहुतांश भागासाठी डिसेंबर 2020 पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, त्यामुळे नाशिक आणि सिन्नर येथे चटईक्षेत्राची व्याख्या वेगवेगळी राहिलेली नाही. मात्र मिळकत क्रमांक, घरपट्टीची थकबाकी आणि करदात्याची नोंद प्रत्येक संस्था आपापल्या दप्तरी ठेवते. अंबडचा प्रकार आणखी निराळा आहे. तेथे नकाशे औद्योगिक विकास महामंडळ स्वतःच्या नियमांनुसार मंजूर करते आणि घरपट्टी महानगरपालिका घेते.

अन्यत्र ही अडचण नगरांनी एकत्र येऊन सोडवली आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात स्थानिक संस्थांना आपसांत करार करून काम वाटून घेण्याची मुभा 1967 च्या कायद्याने मिळाली. तिचा उपयोग करून सिएटलच्या पूर्वेकडील बेल्व्ह्यू, कर्कलँड, इसाक्वा आदी नऊ शहरांनी 2001 मध्ये ‘ई-सिटी-गव्ह अलायन्स’ हे संयुक्त मंडळ स्थापन केले. या मंडळाच्या ‘मायबिल्डिंगपरमिट’ संकेतस्थळावरून कंत्राटदाराला सहभागी शहरांपैकी कोठेही अर्ज करता येतो, परंतु परवानगी देण्याचा वा नाकारण्याचा अधिकार त्या त्या शहराकडेच राहतो. ग्राहकांनी ध्यानात घ्यावी अशी गोष्ट आमच्या मते हीच आहे : खिडकी एक झाली, तरी सही एक होत नाही.

डेन्मार्कचा अनुभव अधिक बोलका आहे. तेथील नगरपालिकांची सामायिक मालकीची संगणक कंपनी 1972 पासून होती; ती 2009 मध्ये खासगी गुंतवणूकदारांकडे गेली आणि ज्या प्रणालींवर रोजचे काम चालते, त्यांसाठी नगरपालिका एका विक्रेत्यावर अवलंबून राहिल्या. त्याच वर्षी त्यांच्या महासंघाने ‘कोम्बिट’ ही संस्था काढली आणि देशातील 98 नगरपालिकांच्या वतीने स्पर्धात्मक निविदांद्वारे नव्या प्रणाली घेण्याचे काम तिच्याकडे सोपवले. काही प्रणालींना त्यात वर्षानुवर्षांचा विलंब झाला, हेही सांगितले पाहिजे.

दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाचा कारभार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना सामायिक व्यवस्थेतली ही अडचण नवी वाटणार नाही. तेथे पाणीवापर संस्थांच्या महासंघात आवर्तनाचे आणि वाटपाचे निर्णय होतात. कालवा कितीही उत्तम बांधला, तरी पाळी कोणी ठरवायची हे आधी ठरले नसेल तर शेवटच्या शेतापर्यंत पाणी जात नाही. संगणक प्रणालीचेही तसेच आहे. खर्चाचा वाटा कसा ठरणार, लहान नगरपरिषदेच्या मताला किती वजन, माहितीची मालकी कोणाची, आणि एखादी संस्था बाहेर पडली तर तिचे दप्तर तिला कोणत्या स्वरूपात परत मिळणार, हे करारात लिहिलेले नसेल तर घोडे तेथेच अडते. सॉफ्टवेअर विकत घेणे हा त्यातला सोपा भाग आहे.

नाशिक परिसरात असे मंडळ होईपर्यंत आपली कामे स्वतंत्रपणेच करावी लागतील. म्हणून आम्ही प्रत्येक मिळकतीची वेगळी धारिका ठेवतो. आपणही प्रत्येक संस्थेच्या मागील घरपट्टीची पावती, मिळकत क्रमांक आणि त्या खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक आम्हांला कळवावा. परवलीचा शब्द आणि ओटीपी मात्र आमच्यासह कोणालाही सांगू नये. ऑनलाइन अर्ज आम्ही आपल्या समक्ष बसूनच भरतो.