डेंग्यूच्या विषाणूकडे स्वतःची चरबी नसते

पावसाळा सरत आला की आमच्याकडे फोनवर एकच प्रश्न ऐकू येतो, "प्लेटलेट किती आल्या?" त्याच्या दोन दिवस आधी एक रिपोर्ट आलेला असतो. सकाळी रक्त द्यायचे, संध्याकाळी मोबाइलवर पीडीएफ येते आणि त्यात एक ओळ असते: एनएस-वन अँटिजेन पॉझिटिव्ह. माझ्या भाचीचा असा रिपोर्ट आला तेव्हा ताईने विचारले, "अरे, हे एनएस-वन म्हणजे नेमकं काय?" गडबडीत मी म्हणालो, "विषाणूचं एक प्रथिन." उत्तर चूक नव्हते, पण खरे नवल त्यात आलेच नाही.

हे प्रथिन रक्तात सुटे फिरत नाही. त्याच्या सहा प्रती एकत्र येऊन एक पोकळ पिंप तयार होते आणि पिंपाच्या पोटात मेदाचे साधारण ७० रेणू भरलेले असतात. २०११ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी ही रचना उलगडली, तेव्हा ती ओळखीची वाटली. लिपिड प्रोफाइलच्या रिपोर्टमध्ये 'चांगले कोलेस्टेरॉल' म्हणून ज्याचा आकडा आपण शोधतो, त्या एचडीएलच्या कणाशी तिचे साम्य होते. पुढे तर एनएस-वन प्रत्यक्ष एचडीएलच्या कणांना चिकटलेलेही आढळले. पिंपातला मेद विषाणूने बनवलेला नसतो. तो भाचीच्याच पेशींतून उचललेला असतो.

डेंग्यूच्या विषाणूची सगळी मालमत्ता म्हणजे आरएनएची एक माळ. तिच्यात सुमारे १०,७०० अक्षरे असतात आणि त्यांतून १० प्रथिने तयार होतात. मेद तयार करणारे विकर (एन्झाइम) या दहांत एकही नाही. तरीही विषाणूच्या प्रत्येक कणाला मेदाचे आवरण लागते, वाढायला मेदाची जागा लागते आणि त्या वाढीला लागणारी ऊर्जाही बरीचशी मेदातूनच येते. हे सगळे तो घरमालकाच्या कोठीतून घेतो. विषाणू पेशी 'ताब्यात घेतो' असे आपण सहज लिहितो, पण ताबा नेमका कशाचा, हे पाहायचे असेल तर मेदापासून सुरुवात करावी असे मला वाटते.

चरबी म्हटले की पोटाचा घेर डोळ्यांसमोर येतो. पेशीच्या पातळीवर मेदाचे काम वेगळे असते. रश्श्यावर तेलाचा तवंग येतो, कारण तेल पाण्यात मिसळत नाही. पेशीत पाणीच पाणी आहे, आणि पाण्याला न जुमानणाऱ्या याच स्वभावाच्या जोरावर पेशी मेदाची पातळ पटले उभी करते. पेशीची बाहेरची भिंत आणि आतल्या खोल्यांच्या भिंती याच पटलांच्या असतात. प्रथिने घडवणारी आंतर्द्रव्यजालिकाही तशीच, घड्या घातलेल्या पटलांची. उरलेला मेद पेशी इवल्या थेंबांच्या रूपात साठवते.

विषाणू आत शिरतो तिथपासून मेदाशी त्याची गाठ पडते. पेशी त्याला एका पिशवीत ओढून घेते. ही पिशवी आत सरकते तशी तिच्यातली आम्लता वाढते आणि विषाणूवरची प्रथिने आकार बदलतात. त्यांची टोके पिशवीच्या पटलात रुततात आणि विषाणूचे आवरण त्या पटलात मिसळून जाते. पण नुसती आम्लता पुरत नाही. २०१० मधल्या एका अभ्यासात दिसले की डेंग्यूच्या विषाणूला पिशवीच्या पटलात ऋणभारित मेदही लागतो. असा एक खास मेद पिशवी बरीच आत पोचल्यावरच तिच्या पटलात भरपूर असतो. म्हणजे आरएनए बाहेर सोडण्याची योग्य जागा हीच, हे विषाणूला मेदावरून कळते.

आत सुटल्यावर तो आंतर्द्रव्यजालिकेकडे वळतो. २००९ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली बाधित पेशीची त्रिमित चित्रे घेतली. जालिकेच्या पटलाला आतल्या बाजूला फुगे आले होते. प्रत्येक फुगा सुमारे ९० नॅनोमीटरचा, तोंडाशी एक बारीक छिद्र. या फुग्यांत विषाणू आपल्या आरएनएच्या प्रती काढतो. आडोसा यासाठी, की प्रती निघताना दुपदरी आरएनए तयार होतो आणि तो उघड्यावर दिसला तर पेशीचे पहारेकरी गजर करतात. फुग्यांच्या शेजारीच नवे कण जुळतात आणि जालिकेचे पटल अंगावर ओढून बाहेर पडायच्या वाटेला लागतात.

इतके पटल ताणायचे तर नवा मेद हवा. शिकागो विद्यापीठातल्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये दाखवले की विषाणूचे एनएस-थ्री हे प्रथिन पेशीचे मेदाम्ल तयार करणारे विकर उचलून थेट या फुग्यांपाशी आणते आणि तिथे ते विकर जास्त जोमाने काम करू लागते. बांधकामाला लागणारी भट्टीच जागेवर आणल्यासारखे.

त्याच प्रयोगशाळेचे त्याच वर्षीचे दुसरे काम मला जास्त आवडते. पेशी आपल्यातला टाकाऊ माल पिशव्यांत कोंबून विरघळवते, तिची रोजची साफसफाईच ती. डेंग्यूची बाधा झाली की या साफसफाईचा रोख मेदाच्या थेंबांकडे वळतो. थेंब फुटतात, मेदाम्ले सुटतात आणि तंतुकणिकांत जळून ऊर्जा देतात. साफसफाई रोखली की विषाणूची वाढ मंदावते. मग संशोधकांनी साफसफाई बंदच ठेवून पेशींना बाहेरून मेदाम्ले दिली, आणि विषाणू पुन्हा वाढू लागला. म्हणजे त्याला साफसफाईशी काही देणेघेणे नव्हते, त्याला सरपण हवे होते. इतक्या साध्या युक्तीने इतके स्पष्ट उत्तर मिळालेले प्रयोग मोजकेच असतात.

एक गुंता मात्र आहे. वर्षभर आधी अर्जेंटिनातल्या संशोधकांना बाधित पेशींत मेदाचे थेंब कमी नव्हे, वाढलेले दिसले होते. विषाणूचा आरएनए गुंडाळणारे प्रथिन त्या थेंबांवर जाऊन बसत होते, आणि तिथे बसू दिले नाही तर नवे कण नीट तयार होत नव्हते. पेशींची जात वेगळी, बाधेला झालेला वेळ वेगळा, त्यामुळे चित्रही वेगळे. माझ्या समजुतीने दोन्ही निरीक्षणे एकत्र नांदू शकतात: तोच थेंब कधी फळी असतो, कधी सरपण.

सगळे डासजन्य विषाणू एकाच खोलीत संसार थाटत नाहीत. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. तो विषाणू प्रती काढण्याचे फुगे बहुतेक करून पेशीच्या बाहेरच्या भिंतीशी उभारतो आणि आत शिरताना समोरच्या पटलात कोलेस्टेरॉल असावे लागते. २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात महाराष्ट्रातला पहिला रुग्ण सापडला तो झिका मात्र डेंग्यूचा भाऊबंद. त्याचे बस्तान जालिकेतच.

मग कोठीलाच कुलूप का घालू नये? कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी आपल्या कितीतरी घरांत रोज रात्री घेतली जाते आणि प्रयोगशाळेतल्या पेशींत स्टॅटिनने डेंग्यूची वाढ रोखलेली दिसली होती. व्हिएतनाममधल्या हो ची मिन्ह शहरात डेंग्यूच्या ३०० प्रौढ रुग्णांवर लोवास्टॅटिनची रीतसर चाचणी झाली. निकाल २०१६ मध्ये आला. औषध सुरक्षित ठरले, पण रक्तातल्या विषाणूवर किंवा आजारावर त्याचा उपयोग दिसला नाही. ताप चढून माणूस डॉक्टरकडे पोचतो तोवर विषाणूची बरीचशी वाढ उरकलेली असते, आणि माणसाच्या शरीरात मेदाच्या वाटा एका बशीतल्या पेशींपेक्षा फार जास्त असतात. म्हणून कुणी मनाने अशा गोळ्या घेऊ नयेत, हे मी कळकळीने सांगतो. डेंग्यूत आधार आहे तो वेळेवर दिलेल्या पाण्याचा आणि सलाइनचा, आणि ताप उतरताना ठेवलेल्या बारीक लक्षाचा. अंगदुखीवर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

मेदाचा हा धागा डासात मात्र कामी येताना दिसतो. कोणताही कीटक स्वतः कोलेस्टेरॉल बनवू शकत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी ते मिळवते पाण्यातल्या अळीपणीच्या खाण्यातून आणि नंतर आपल्या रक्तातून. तिच्या कोठीत आधीच मोजका माल. त्यात वोल्बाकिया नावाचा जिवाणू येऊन राहिला तर? हा जिवाणू १९२४ मध्ये क्युलेक्स डासांत सापडला. एडिस इजिप्तायमध्ये तो निसर्गतः सहसा नसतो, तो प्रयोगशाळेत सोडावा लागतो. इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरात वोल्बाकिया असलेले डास सोडले, तेव्हा त्या वस्त्यांत डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी आढळले. २०२१ मध्ये हा निकाल प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी पुदुच्चेरीच्या आयसीएमआरच्या संस्थेने वोल्बाकिया असलेले एडिसचे दोन वाण भारतात तयार झाल्याचे जाहीर केले.

वोल्बाकिया विषाणूला अडवतो त्यामागे एकच कारण नाही. एक कारण कोठीत सापडते. वोल्बाकियालाही कोलेस्टेरॉल बनवता येत नाही, त्यामुळे डासाच्या तुटपुंज्या साठ्यावर त्याचाही हात असतो. वोल्बाकिया असलेल्या फळमाश्यांना संशोधकांनी कोलेस्टेरॉल वाढवलेले खाद्य दिले, तेव्हा त्यांचे विषाणूपासूनचे संरक्षण कमी झाले आणि त्या लवकर मेल्या. एडिसच्या पेशींत वोल्बाकियामुळे कोलेस्टेरॉल मेदाच्या थेंबांत अडकून पडलेले दिसले. एका रसायनाने ते मोकळे केले, आणि थांबलेला डेंग्यूचा विषाणू त्या पेशींत पुन्हा वाढू लागला.