शुगर ग्लायडर माणसाळवणे

शुगर ग्लायडर या छोट्या निशाचर, वृक्षवासी प्राण्याला माणसाच्या वासाची, आवाजाची व स्पर्शाची सवय लावून, न घाबरता हाती येईल इतपत त्याला माणसाळवण्याची पद्धत. पाळणाऱ्यांमध्ये तिला ‘बाँडिंग’ हाच शब्द रूढ आहे. कुत्र्यामांजरांप्रमाणे या प्राण्याच्या मागे माणसाच्या सोबतीचा हजारो वर्षांचा इतिहास नाही. पिंजऱ्यात जन्मलेले पिल्लूही वृत्तीने रानटीच असते, आणि त्याचा विश्वास प्रत्येक पाळणाऱ्याला नव्याने मिळवावा लागतो.

हा प्राणी (पेटॉरस ब्रेव्हिसेप्स) उडणाऱ्या खारीसारखा दिसत असला, तरी खार कृंतक, म्हणजे उंदरासारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या, गणातली आहे आणि हा कांगारूप्रमाणे शिशुधानी, म्हणजे पोटावरच्या पिशवीत पिल्लू वाढवणारा आहे. शरीराची लांबी १६ ते २१ सेंमी., शेपटी साधारण तेवढीच आणि वजन सुमारे १०० ते १६० ग्रॅम असते. पुढच्या पायाच्या बोटापासून मागच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत ताणल्या जाणाऱ्या कातडीच्या पडद्यामुळे तो झाडावरून झाडावर ५० मीटरपर्यंत तरंगत जाऊ शकतो. ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी हा त्याचा मूळ प्रदेश होय. मात्र अमेरिकेत पाळल्या जाणाऱ्या ग्लायडरांचे मूळ इंडोनेशियाच्या पश्चिम पापुआतील सोरोंग परिसरात असल्याचे २०१९ मधील एका जनुकीय अभ्यासात दिसून आले. कॅलिफोर्निया, हवाई व अलास्का या राज्यांत तो पाळण्यास कायद्याने मनाई आहे.

माणसाळवण्याची सगळी रीत या प्राण्याच्या कळपजीवनावर बेतलेली आहे. रानात काही प्रौढ आणि त्यांची पिल्ले झाडाच्या ढोलीत एकमेकांना बिलगून दिवस काढतात आणि आपला-परका हा भेद मुख्यतः वासावरून ओळखतात. प्रौढ नराच्या कपाळावर व छातीवर गंधग्रंथी असतात. कपाळावरचा केस झडलेला ठिपका म्हणजे अशीच एक ग्रंथी. नर आपले डोके कळपातील इतरांच्या अंगावर घासून सर्वांना एकच वास लावतो. पाळणाऱ्यालाही याच वासाच्या वर्तुळात शिरायचे असते. एखाद्या नराने मनगटावर कपाळ घासले किंवा अंगावर मूत्राचे चार थेंब सोडले, तर ते स्वागत समजावे, मग ते कितीही नकोसे वाटो.

नव्या घरी आणल्यावर पहिले काही दिवस त्याला पिंजऱ्यातच राहू द्यावे आणि पाळणाऱ्याने अंगावर वापरलेला कापडाचा तुकडा त्याच्या झोपण्याच्या पिशवीत ठेवावा. कापड फ्लीससारखे, धाग्यांचे फास नसलेले असावे. टॉवेलसारख्या कापडात नखे अडकून बोटाला इजा होते. त्यानंतर दिवसा, तो झोपेत असताना, ती पिशवी गळ्यात अडकवून छातीशी बाळगतात. तोंड बंद करता येणाऱ्या या पिशवीत त्याला ऊब, अंधार आणि माणसाचा वास एकाच वेळी मिळतो, आणि पाळणाऱ्याला आपली कामे करता येतात. सर्व पिशव्या एकदम धुणे किंवा उग्र वासाचा साबण व अत्तर वापरणे म्हणजे कमावलेली ओळख पुसून टाकणे होय. संध्याकाळनंतर मंद उजेडात, छोट्या बंद खोलीत किंवा तंबूत पाळणाऱ्याने नुसते बसून राहावे आणि प्राण्याला आपणहून अंगावर चढू द्यावे. न्हाणीघर वापरायचे झाल्यास शौचकूपाचे झाकण आधी बंद करावे, कारण त्यात पडून ग्लायडर बुडू शकतो. बोटाच्या टोकाला किंचित साधे दही लावून चाटायला देणे हे मैत्रीचे उत्तम साधन असले, तरी रोजच्या आहाराची जागा त्याने घेऊ नये.

घाबरलेला ग्लायडर मागच्या पायांवर उभा राहून करकर असा मोठा, सलग आवाज करतो. त्याला ‘क्रॅबिंग’ म्हणतात, आणि एवढ्याशा देहातून तो निघतो यावर नवख्याचा विश्वास बसत नाही. खालचे लांब, पुढे झुकलेले पटाशीचे दात टोचतात हे खरे. पण दचकून हात मागे ओढला, तर चावले की हात जातो हे तो लगेच शिकतो. हात स्थिर ठेवणे अवघड असले, तरी तोच उपाय आहे. उचलताना वरून झडप घालू नये, कारण रानात घुबड तसेच येते. दोन्ही तळव्यांची ओंजळ करून त्याला खालून आधार द्यावा आणि शेपटीला धरून कधीही उचलू नये. या सगळ्याला काही आठवडे ते कित्येक महिने लागतात. प्रौढ प्राण्याला अधिक वेळ लागतो, तरी तोही माणसाळतो.

एकटा ठेवला तर तो माणसाला अधिक चिकटतो, हा समज चुकीचा व घातक आहे. एकाकी ग्लायडर अंगावरचे केस उपटतो, काही वेळा स्वतःच्याच शरीराला चावे घेऊन गंभीर जखमा करतो. म्हणून किमान दोन एकत्र ठेवतात. जोडीतले प्राणीही माणसाशी तितकेच जवळीक साधतात. नर-मादी असल्यास नराचे खच्चीकरण करून घेणे बरे.

थंडीत किंवा अन्न कमी पडल्यास ग्लायडर शरीराचे तापमान उतरवून सुस्तावस्थेत जातो. हाताला गार व निपचित लागलेला प्राणी मेला असे न मानता त्याला अंगाच्या उबेने हळूहळू जागे करावे. एरवी अंगाखांद्यावर खेळणारा प्राणी अचानक स्पर्श टाळू लागला किंवा मागचे पाय ओढू लागला, तर तो रुसवा नसतो. कॅल्शियमच्या कमतरतेने हाडे ठिसूळ होऊन मागचे पाय लुळे पडणे हा या प्राण्यातील नेहमीचा आजार आहे, आणि अशा वेळी हाताळणी थांबवून पशुवैद्य गाठावा.