खाडीकाठी घर बांधताय? आधी तिवरांपासून टेप धरा, मग प्लॅन काढा

खाडीकाठच्या घराचे अर्ज परत येतात ते बहुतेक वेळा एकाच कारणाने. प्लॅन आधी काढलेला असतो आणि भरतीरेषा नंतर कळते. सातबाऱ्यावर भरतीरेषा नसते, तिवरंही (खाऱ्या पाण्यात वाढणारी, कांदळवनाची झाडं) नसतात. सातबारा कोरा, बोजा नाही, जमीन वर्ग एकची, एवढ्यावर निर्धास्त होऊन माणसं चौथरा आखतात. पैसे खर्च झाल्यावर ‘जागा सीआरझेडमध्ये’, म्हणजे किनारी नियमन क्षेत्रात, हा शेरा हातात पडतो.

सध्याचा मूळ आधार म्हणजे 18 जानेवारी 2019 ची सीआरझेड अधिसूचना. ग्रामीण भागात समुद्राच्या भरतीरेषेपासून 200 मीटर ना-विकास क्षेत्र असतं, म्हणजे तिथे नवं घर बांधता येत नाही. 2011 च्या जनगणनेप्रमाणे लोकवस्तीची घनता चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त असेल तर ते 50 मीटर. खाडीकाठी 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी ते. ही भरतीरेषा रोजच्या भरतीची नव्हे, उधाणाचं पाणी जिथवर चढतं तिथली. भांगाच्या, म्हणजे सर्वांत कमी भरतीच्या, दिवशी पाण्याच्या कडेपासून मोजून आणलेलं अंतर कुणीही मान्य करणार नाही. ग्राह्य धरतात ती मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावरची रेषा. जागा सीआरझेडमध्ये येते का याचा दाखला 2011 च्या जुन्या अधिसूचनेच्या नकाशावरून दिलाय की 2019 च्या, हे तो हातात घेतानाच बघा. जुन्या नियमात खाडीकाठचं अंतर 100 मीटरपर्यंत जायचं. जिल्ह्याचा नवा नकाशा मंजूर झाल्याशिवाय नवे नियम लागू होत नाहीत.

सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते तिवरांवर. अधिसूचनेत लिहिलंय की कांदळवन 1000 चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तरच त्याभोवती 50 मीटरचा पट्टा सोडायचा, आणि खासगी जमिनीतल्या कांदळवनाला पट्टा नको. हेच वाक्य दाखवून दलाल जमिनी विकतात. महाराष्ट्रात तेवढ्यावर भागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 17 सप्टेंबर 2018 च्या निकालात कांदळवनाचं क्षेत्र कितीही असो आणि जमीन कुणाचीही असो, भोवतीच्या 50 मीटरात बांधकाम नाही, असं ठरवलंय. अर्ज तपासणारे याच निकालावर बोट ठेवतात.

उदाहरण घ्या. खाडी 30 मीटर रुंद, म्हणजे खाडीचं बंधन भरतीरेषेपासून 30 मीटर. पण काठावर तिवरं असली तर त्यांच्या जमिनीकडच्या कडेपासून 50 मीटर सोडायचे. त्या कडेपासून रस्त्यापर्यंत जागा 80 मीटर असेल तर हातात उरले 30. त्यातून रस्त्यालगत मोकळं सोडायचं अंतर वजा करा आणि उरलेल्या पट्ट्यात घर बसतं का बघा. नसेल बसत तर आर्किटेक्टला पैसे देऊ नका. आणि कृपा करून तिवरं तोडू नका. जुन्या उपग्रह चित्रांत ती दिसतात. तोडल्याने अंतर कमी होत नाही, उलट गुन्हा दाखल होतो.

आता तो कागद, जो कुणाकडेच नसतो. तुमची जमीन खारबंदीच्या, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या, आत असेल आणि बांध किंवा उघाडी (बांधातलं पाण्याचं दार) 19 फेब्रुवारी 1991 च्या आधीची असेल, तर भरतीरेषा बांधावरच थांबते. जमिनीचं नशीब बदलणारी ही तरतूद आहे. पण बांध 1991 पूर्वीचा हे सिद्ध कसं करायचं? गावातल्या वृद्धांची प्रतिज्ञापत्रं जोडून सहसा भागत नाही. सरकारी खारभूमी योजना असेल तर खारभूमी विकास कार्यालयात योजनेचं नाव, पूर्ण झाल्याचं वर्ष आणि लाभक्षेत्रातले गट नंबर मागा, तेही लेखी अर्ज देऊन, पोच घेऊन. बांध खासगी असेल तर भूमी अभिलेखमधला जुना गाव नकाशा आणि 1991 आधीच्या सातबाऱ्यांवरची भाताची पीकपाहणी काढा. खाऱ्या पाण्यात भात सहसा पिकत नाही, म्हणजे बांध तेव्हा शाबूत होता, असं त्यावरून मांडता येतं. अडचण एवढीच की ही कागदपत्रं तीन कार्यालयांत विखुरलेली, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. हा त्रास अर्जदाराने का सोसायचा, याचं उत्तर कुणी देत नाही.

यातही एक खाच आहे. बांध फुटून आत खारं पाणी शिरलं आणि तिथे तिवरं उगवली, तर तेवढी जागा क्षेत्र कितीही असलं तरी सीआरझेडच्या सर्वांत कडक वर्गात जाते. फुटलेला बांध वेळेवर बांधून घ्यायला हवा तो यासाठीही.

बाकीचे कागद नेहमीचे: चालू सातबारा, आठ-अ, फेरफार, मोजणीची क-प्रत (मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा), गाव नकाशा, प्लॅन. अर्ज गावठाणात ग्रामपंचायतीकडे, बाहेर महसूलकडे. क-प्रतीवर तिवरांची कड आणि बांध दाखवून घ्या, मोजणीवाल्याला तिथेच सांगा. नंतर दुरुस्ती करून घेणं जिवावर येतं.

स्वतःच्या राहत्या घराचं एकूण बांधकाम 300 चौरस मीटरपर्यंत असेल तर किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाची शिफारस लागत नाही, स्थानिक प्राधिकरणच मंजुरी देतं. म्हणून मुंबईच्या वाऱ्या करू नका. पण परवानगीच लागत नाही असा अर्थही काढू नका, सीआरझेडची तपासणी स्थानिक पातळीवर होतेच. ना-विकास क्षेत्राच्या पलीकडे घर तळमजला अधिक एक, उंची 9 मीटरच्या आत. ही मुभा कोळीवाडे, गावठाणं यांच्या परंपरागत हक्कांशी जोडलेली आहे. बाहेरून जमीन घेणाऱ्यांनी विसार देण्याआधी आपण त्यात बसतो का, हे लेखी विचारावं.

घर जुनं आहे म्हणून त्याजागी मोठं बांधता येईल, हाही गैरसमज. ना-विकास क्षेत्रात अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी होते, पण चौथरा आणि चटईक्षेत्र आहे तेवढंच ठेवून. घरपट्टीच्या पावतीने घर किती जुनं ते दिसतं, ते अधिकृत आहे हे ठरत नाही.

आणि प्लॅन देण्याआधी शौचखड्डा बघा. घर 50 मीटरच्या बाहेर नीट बसवतात, पण खड्डा आणि कुंपणाची भिंत उताराकडे, म्हणजे तिवरांकडे सरकवतात. बंदी सगळ्या बांधकामाला आहे. तेवढ्या एका खड्ड्यापायी सगळा प्लॅन परत येतो. तो रस्त्याच्या बाजूला घ्या, पाइपाचा खर्च थोडा वाढला तरी.