ओपीडी ओस, लसीचं कार्ड कोरं

साथ आली की दवाखान्यात पाय ठेवायला जागा उरत नाही, असं आपल्याला वाटतं. मुलांच्या डॉक्टरांकडे 2020 मध्ये नेमकं उलटं झालं. 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली, एसटी थांबली आणि वाड्यांवरून तालुक्याच्या गावी येणारी मुलं दिसेनाशी झाली. शाळा बंद, त्यामुळे एकमेकांकडून लागणारी सर्दी-खोकलाही कमी. कोविड मुलांना बहुतेक वेळा सौम्यच होत होता. पण बालरोगतज्ज्ञाचं निम्मं लक्ष आजारी नसलेल्या मुलांकडे असतं: वजन, उंची, लस. तेच थांबलं, आणि खरा धोका तिथे साचत गेला.

त्या वर्षी जगभरात सुमारे 2 कोटी 30 लाख बाळांच्या नेहमीच्या लसी अपुऱ्या राहिल्या. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या 12 ते 18 जणांना आजार देऊ शकतो. त्याला रोखायला 95 टक्के मुलांचं लसीकरण लागतं. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवराचा उद्रेक झाला. कोकणासाठी ही दूरची बातमी नव्हे. चाकरमान्यांचं मूल गणपतीला गावी येतं तेव्हा त्याची अर्धी नोंद मुंबईत, अर्धी गावच्या उपकेंद्रात असते, आणि कार्ड दोन्हीकडे सापडत नाही.

राहिलेल्या लसी भरून काढता येतात, हे पालकांना ठासून सांगायला हवं. मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. थांबली तिथून पुढे, दोन प्राथमिक डोसांत किमान 4 आठवडे ठेवून. एकाच दिवशी अनेक लसी चालतात. एकाच मांडीत दोन सुया दिल्या तर मध्ये 2.5 सेंटिमीटर अंतर हवं. गोवर-रुबेला आणि कांजिण्या या जिवंत (दुर्बळ केलेल्या विषाणूच्या) लसी एकाच दिवशी द्याव्यात, नाहीतर 4 आठवड्यांनी.

पण द्यायची ती लस शाबूत हवी. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. वीज गेली की सगळ्यांना उष्णतेची धास्ती वाटते, पण घाईघाईने बर्फ कोंबून लस गोठवली जाते, हा धोका कमी नाही. पेंटाव्हॅलंट, डीपीटी, हिपॅटायटिस बी, न्यूमोकोकल या लसी एकदा गोठल्या की बाद. त्यांतले ॲल्युमिनियम क्षाराचे कण एकमेकांना चिकटून गाळ होतो. म्हणून फ्रीझरमधला आइसपॅक थेट लसीच्या डब्यात ठेवत नाहीत. त्याला बाहेर घाम फुटू देतात, हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मग भरतात. शंका आलीच, तर त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवायची, दोन्ही हलवून शेजारी ठेवायच्या. गाळ दोन्हींत सारख्याच वेगाने बसला, तर शंकेची कुपी फेकायची.

साथीत तपासणी फोनवर आली, आणि तिथे सर्वांत सहज होणारी चूक तापाच्या औषधाची. पॅरासिटामॉल वजनाच्या दर किलोला 15 मिलिग्रॅम. 10 किलोच्या मुलाला 150. थेंबांच्या बाटलीत बहुधा 1 मिलीत 100 मिलिग्रॅम असतं, म्हणजे दीड मिली पुरे. सिरपच्या 5 मिलीत 120 असेल तर सव्वासहा मिली, 250 असेल तर 3 मिली. ‘6 मिली द्या’ एवढंच ऐकून घरातल्यांनी थेंबांची बाटली उचलली तर चौपट डोस गेला. डॉक्टरांनी आधी बाटलीवरचा आकडा वाचून घ्यावा, मग मात्रा सांगावी.

श्वास मोजायला सदरा वर करून, मूल शांत असताना, पूर्ण 1 मिनिट पोट बघायचं. 2 महिन्यांच्या आतलं बाळ 60 किंवा जास्त, वर्षाच्या आतलं 50, 5 वर्षांपर्यंतचं 40, किंवा बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, तर फोन ठेवून निघायचं. मोठ्यांचा ऑक्सिमीटर बाळाच्या बोटावर नीट बसत नाही आणि चुकीचा आकडा दाखवतो.

‘वाफ’ देणारं नेब्युलायझर यंत्र हवेत तुषार उडवतं, म्हणून दम्याच्या मुलांसाठी पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी) पुढे आला. प्रत्येक फवाऱ्याआधी पंप हलवायचा, एका वेळी एकच फवारा, मग मास्कमधून 5-6 श्वास. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळवायचा. फडक्याने पुसला तर प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

लस महिनाभराने देता येते. विंचवाचं तसं नाही. लाल विंचू चावलेल्या मुलाला घाम, उलट्या, थंडगार हातपाय सुरू झाले की फुप्फुसात पाणी साचायला वेळ लागत नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिन या रक्तदाब उतरवणाऱ्या गोळीचा उपयोग दाखवून दिला: किलोला 30 मायक्रोग्रॅम, तोंडाने, जितक्या लवकर तितकं चांगलं. टाळेबंदी असो की दरड कोसळलेला घाट, हे मूल सकाळची वाट बघू शकत नाही. आणि दवाखान्यात गोळी दिल्यावर त्याला कडेवर घ्यायचं नाही, उठवून बसवायचं नाही. आडवंच ठेवायचं, कारण या औषधाने उभं राहताच रक्तदाब एकदम कोसळू शकतो.